सहभागी लोकांच्या गोष्टींवरून आरोग्य कार्यक्रम तपासायचा आणि बदलायचा कसा?

पायवाट

मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या लोकांसाठीचा एक कार्यक्रम होता. आठवड्याला गटाची बैठक, मधूनमधून घरी भेट, फोनवर विचारपूस, गरज पडली तर डॉक्टरांकडून औषधात बदल. मूल्यमापनाचं काम माझ्याकडे होतं. पहिला महिनाभर खोली भरलेली असायची, मग माणसं गळायला लागली. गळालेल्यांच्या नावापुढे कारणाचा रकाना होता आणि त्यात बहुतेक ठिकाणी "वेळ नाही" एवढंच लिहिलेलं. जे येत राहिले त्यांना आम्ही प्रश्नावली द्यायचो. त्यात जवळजवळ सगळे "पूर्ण समाधानी"वर खूण करून कागद परत द्यायचे.

एका बाईंना मी वेगळ्याच कामासाठी फोन केला. त्यांच्याकडे राहिलेली नोंदवही परत हवी होती. बोलता बोलता सहज विचारलं, "तुम्ही यायचात तेव्हाचं काय आठवतं?" त्यांनी वजनकाट्यापासून सुरुवात केली. काटा दाराशी होता आणि लिहून घेणारी मुलगी खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर बसायची. तिला ऐकू जावं म्हणून काट्याजवळचा माणूस आकडा मोठ्याने सांगायचा. "माझा आकडा टेबलापाशी पोचायच्या आधी सगळ्या खोलीत पोचायचा," त्या म्हणाल्या. आधी त्या वजनाच्या दिवशी मुद्दाम उशिरा यायला लागल्या. मग वजनाच्या दिवशी यायच्याच नाहीत. एकाआड एक आठवडा चुकायला लागल्यावर काय शिकवून झालंय तेच कळेना, आणि सगळंच सुटलं. कारण विचारणारा फोन आला तेव्हा त्यांनी "वेळ नाही" सांगितलं. परक्या माणसाला फोनवर दुसरं काय सांगणार?

मग मी हजेरीपट उघडला. तोवर आम्ही महिन्याची बेरीज बघत होतो. आठवडे सुटे केल्यावर वजनाचा आठवडा आणि बिनवजनाचा आठवडा यांतला फरक डोळ्यांत भरला. आकडे आमच्याकडेच होते. कुठे बघायचं ते त्या बाईंनी दाखवलं.

काटा पडद्याआड गेला. आकडा चिठ्ठीवर लिहून ज्याच्या त्याच्या हातात द्यायला लागलो. एवढ्याशा बदलासाठी कार्यक्रमाचे कित्येक आठवडे गेले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून एक मत पक्कं झालंय. लोकांच्या गोष्टी आपण चुकीच्या वेळी गोळा करतो. कार्यक्रम संपला की अहवालात घालायला दोन चांगल्या गोष्टी शोधतो. त्या कार्यक्रम चालू असतानाच गोळा व्हायला हव्यात, बदल करायला वेळ हाताशी असताना. आणि सगळ्यात आधी सोडून गेलेल्यांकडून. इथे या क्षेत्रातली बरीच मंडळी आहेत. तुम्ही गोष्टी कशा गोळा करता, निवडता कशा, आणि गोष्टीवरून कार्यक्रम बदलायचा निर्णय कोण घेतं, हे सविस्तर लिहाल का?

कोरीपाटी

फार छान लिहिलंय. या कामात मी नवीन आहे म्हणून एक साधा प्रश्न. अशा कार्यक्रमांना "गुंतागुंतीचे" का म्हणतात? खूप भाग असतात म्हणून?

धागेदोरे

कोरीपाटी, भाग खूप असणं हे एक कारण झालं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अशा कार्यक्रमांच्या मूल्यमापनासाठी २००० साली मार्गदर्शन काढलं, २००८मध्ये ते सुधारलं आणि २०२१मध्ये पुन्हा नव्याने लिहिलं. त्यात गुंतागुंत मोजताना कार्यक्रमाचे घटक किती हे बघतात, पण शिवाय किती वेगवेगळ्या लोकांना आपलं वागणं बदलावं लागतं, राबवणाऱ्यांना किती कौशल्य लागतं, आणि जागेनुसार किती मोकळीक द्यावी लागते हेही बघतात. २०२१च्या मार्गदर्शनाने संदर्भाला फार वरचं स्थान दिलं. म्हणजे तोच कार्यक्रम दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसांत वेगळा वागतो, हे गृहीत धरूनच काम करायचं. "उपयोग झाला का" या प्रश्नाच्या जोडीला "कुणाला झाला, कुठे झाला आणि कशामुळे झाला" हे विचारायचं.

ग्लौबरमन आणि झिमरमन यांनी २००२मध्ये कॅनडाच्या आरोग्यव्यवस्थेबद्दल लिहिताना एक तुलना केली होती, ती मला शिकवताना नेहमी कामी येते. पाककृतीवरून पदार्थ करणं ही सोपी गोष्ट. चंद्रावर रॉकेट पाठवणं हे अवघड काम, पण एक रॉकेट नीट गेलं की पुढच्याची खात्री वाढते. मूल वाढवणं हे गुंतागुंतीचं. पहिलं मूल नीट वाढवलं म्हणून दुसऱ्याची हमी मिळत नाही, कारण ते मूलही तुमच्याकडे बघून बदलत असतं. गटबैठकांचा कार्यक्रम या तिसऱ्या जातीचा आहे.

आकडेमोड

पायवाट, वजनकाट्याची गोष्ट मनाला लागली. तरी मला हात वर करावासा वाटतो. मी संख्याशास्त्राच्या बाजूचा आहे आणि गोष्टींवर बेतलेले अहवाल वाचून बरेचदा अस्वस्थ होतो.

पहिली अडचण अशी. लोक कार्यक्रमात येतात कधी? साखर किंवा रक्तदाब फार वाढलेला दिसला, घाबरले, की येतात. मोजमाप आपोआप वरखाली होत असतं. सर्वात वरच्या टोकाला असताना पकडलेला माणूस पुढच्या वेळी थोडा खालीच सापडायची शक्यता जास्त, तुम्ही काही करा वा न करा. आता त्या माणसाला विचारलं की काय बदललं, तर तो मनापासून सांगेल, "बैठकांना यायला लागलो आणि आकडा उतरला." तो खोटं बोलत नाही. पण तुलना करायला दुसरा गट नसेल तर त्याच्या गोष्टीतून आपल्याला परिणाम कळत नाही.

दुसरं, गोष्ट कोण सांगतं? ज्याला बोलता येतं आणि ज्याला तुमच्याबद्दल आपुलकी आहे तो. तिसरं, विचारणारी व्यक्ती कार्यक्रमाचीच असेल तर भिडेपोटी चांगलंच सांगितलं जातं. या तिन्हींवर तुमच्याकडे काय उपाय आहे ते समजून घ्यायला मला खरंच आवडेल.

पायवाट

आकडेमोड, तुमचे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पहिल्याबद्दल आधी लिहिते. किती फरक पडला, याचं उत्तर मी गोष्टीकडे मागतच नाही. त्यासाठी तुलनागट हवा, यादृच्छिक वाटणी, म्हणजे कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरवणं, जमत असेल तर ती हवी. गोष्टीकडे मी वेगळं मागते: माणूस दारात आल्यापासून घरी जाईपर्यंत नेमकं काय काय घडलं. वजनकाट्याच्या बाबतीत बाईंच्या सांगण्यावर आम्ही थांबलो नाही, हजेरीपटात जाऊन ते पडताळलं. तिथे फरक दिसला नसता तर मी ती एका माणसाची अडचण म्हणून नोंदवली असती. काटा तरीही हलवला असता, कारण एका माणसाची लाज हेही पुरेसं कारण आहे. पण "माणसं यामुळे गळताहेत" असं लिहिलं नसतं.

भिडेबद्दल बाकीच्यांनी लिहावं, मलाही शिकायचं आहे.

धागेदोरे

भिडेवर एक उपाय माझ्या पाहण्यात आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात विकसित झालेल्या क्विप नावाच्या पद्धतीत मुलाखत घेणाऱ्यालाच सांगत नाहीत की मुलाखत कुठल्या कार्यक्रमासाठी आहे. तो लोकांना त्यांच्या आयुष्याबद्दल, तब्येतीबद्दल, गेल्या काही काळात काय बदललं आणि कशामुळे, एवढंच विचारतो. कार्यक्रमाचं नाव लोकांच्या तोंडून आपणहून आलं तर त्याला वजन. नाही आलं तर तेही उत्तरच. राबवणाऱ्या संस्थेला हे ऐकणं जड जातं. आपण दोन वर्षं राबलो आणि माणूस बदलाचं श्रेय नव्या कामाला किंवा परत आलेल्या मुलीला देतो. पण त्या उत्तरातून कार्यक्रमाला त्याच्या आयुष्यात खरी जागा किती होती ते कळतं.

"बोलणारेच बोलतात" यावर ब्रिंकरहॉफ यांची यशकथा-पद्धत बरी आहे. नावावरून ती फक्त यशाची वाटते, पण तशी नाही. आधी सगळ्यांना एक छोटी प्रश्नावली देतात, तिच्यातून ज्यांना सर्वात जास्त उपयोग झाला आणि ज्यांना सर्वात कमी झाला अशी दोन्ही टोकं शोधतात आणि मग दोन्हीकडच्या लोकांना सविस्तर भेटतात. कुणाची गोष्ट ऐकायची हे आपल्या ओळखीवर सोडायचं नाही, हे त्यातलं मुख्य.

आणि पायवाट, तुम्ही ज्या दिशेने चालला आहात त्या दिशेची एक जुनी रुळलेली वाट म्हणजे "सर्वात महत्त्वाचा बदल" ही पद्धत. रिक डेव्हिस यांनी ती १९९०च्या दशकात बांगलादेशातल्या एका ग्रामविकास कार्यक्रमात बसवली. पुढे २००५मध्ये जेस डार्ट यांच्याबरोबर तिचं मार्गदर्शन लिहिलं. प्रश्न एकच असतो: गेल्या महिन्यात, तुमच्या मते, सर्वात महत्त्वाचा बदल कोणता झाला? आणि तोच का निवडला? आधी ठरवलेले निर्देशांक, म्हणजे बदल मोजायच्या खुणा, नसतात. मोठे, मुद्दाम सैल ठेवलेले विषय असतात, आणि त्यात एक "इतर कुठलाही बदल" असा मोकळा सोडलेला असतो. खालच्या पातळीवर गोळा झालेल्या गोष्टींतून एक गट एक गोष्ट निवडतो, ती वर जाते, वरचा गट पुन्हा निवडतो. प्रत्येक पातळीवर निवडीचं कारण लिहावं लागतं. आणि कुठली गोष्ट निवडली, का निवडली, हे खाली परत कळवावं लागतं. माझ्या मते खरा ऐवज त्या कारणांमध्ये असतो. कारण वाचलं की निवडणाऱ्यांच्या डोक्यात कार्यक्रम नक्की कशासाठी चाललाय ते दिसतं.

ओंजळ

धागेदोरे यांच्या शेवटच्या वाक्याशी मी शंभर टक्के सहमत. मी गट चालवते, म्हणजे बैठक घेणारी मीच. आमच्याकडे मन सांभाळण्यासाठीचा एक कार्यक्रम होता, बाळंतपणानंतर उदास वाटणाऱ्या बायकांसाठी. तीन महिन्यांनी आम्ही निवडीची बैठक घेतली. टेबलावर शेवटी दोन गोष्टी उरल्या.

एकीत एका मुलीने लिहिलं होतं की तिची झोप सुधारली, उदासी मोजणाऱ्या प्रश्नावलीतला गुणांक खाली आला आणि ती कामावर परत गेली. दुसरीत एकीने लिहिलं होतं की तिला अजूनही रडू येतं, पण आता रडू आलं की ती बाळ नवऱ्याच्या हातात देते आणि खोलीबाहेर जाऊन बसते. आधी ती बाळाला घेऊनच रडायची आणि त्यामुळे आपण वाईट आई आहोत असं तिला वाटायचं. गुणांक जवळजवळ तोच.

कार्यक्रमाच्या प्रमुखांना पहिली गोष्ट हवी होती. आम्ही बैठका घेणाऱ्या तिघींना दुसरी. पाऊण तास चर्चा चालली. कुणीतरी विचारलं, की हात रिकामे करून बाहेर जायला तिला कुणी शिकवलं? आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं. आमच्या पुस्तिकेत ते नव्हतंच. तिने सांगितलं होतं की बैठकीत शेजारी बसणाऱ्या बाईने चहाला उठताना तिचं बाळ घेतलं होतं आणि ती पहिल्यांदा एकटी व्हरांड्यात उभी राहिली होती. म्हणजे काम झालं होतं ते मधल्या पंधरा मिनिटांत, आणि त्या तिमाहीत वेळ वाचवायला आम्ही नेमकी तीच मधली सुट्टी कापायच्या बेतात होतो.

सुट्टी राहिली. उलट ती वीस मिनिटांची झाली आणि नवऱ्यांसाठी एक बैठक वाढवली. पहिली गोष्ट आम्ही टाकली नाही, पण निवड दुसरीची झाली आणि कारण म्हणून लिहिलं: "हिच्यातून आपल्याला आपण काय करतोय ते कळलं."

आकडेमोड

ओंजळताई, हे वाचून थांबलो जरा. तुमचं मोजमापाचं साधन तिच्या बाबतीत बदल पकडायला अपुरं होतं हा भाग मला संख्यावाला म्हणून जास्त महत्त्वाचा वाटतो. गोष्टींतून नवं मोजमाप सुचतं. पुढच्या फेरीत "गेल्या आठवड्यात बाळ दुसऱ्याकडे देऊन तुम्ही किती वेळा एकट्या बसलात" असा प्रश्न सगळ्यांना विचारता येईल. मग ते एकीपुरतं आहे की अनेकींचं, ते मोजता येईल.

ओंजळ

हो, अगदी तेच केलं, जवळजवळ याच शब्दांत.

संथश्वास

मी बराच वेळ वाचतोय, आता लिहितो. मी गोष्ट सांगणाऱ्यांच्या बाजूचा आहे. मला फुफ्फुसांचा जुना आजार आहे आणि श्वासाच्या व्यायामाच्या एका कार्यक्रमात मी वर्षभर होतो. कार्यक्रमाचं नाव लिहीत नाही.

माझी गोष्ट पाच वेळा घेतली गेली. पाच वेगवेगळ्या माणसांनी. प्रत्येक वेळी मी रात्री दम लागून उठायचो तिथपासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा सांगताना मला तसाच दम लागला आणि समोरची मुलगी घाबरली. पाचव्या वेळेपर्यंत गोष्ट गुळगुळीत झाली होती. कुठे थांबलं की ऐकणारा मान हलवतो ते मला कळायला लागलं होतं. आपण खोटं बोलत नाही, पण टोचणाऱ्या जागा आपसूक गळून पडतात. आकडेमोड, भिडेत हेही धरा.

आणि नंतर एका कार्यक्रमात माझा फोटो आणि त्याखाली माझी गोष्ट भिंतीवर बघितली. सही मीच दिली होती. पण सही केली तेव्हा "अभ्यासासाठी" असं सांगितलं होतं आणि मला वाटलं वहीत राहील. नाव बदललं होतं. फोटो मात्र माझाच होता. माझ्या जुन्या कामावरच्या एका माणसाने तो बघून मला फोन केला. आजार मी तिथे कुणाला सांगितला नव्हता.

गोष्ट सांगायला माझी हरकत नाही, आजही नाही. मला एवढंच हवं होतं की माझ्या गोष्टीचं पुढे काय झालं ते मला कुणीतरी सांगावं.

पायवाट

संथश्वास, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या बाबतीत जे झालं ते व्हायला नको होतं.

आमच्याकडे आता संमती दोनदा घेतो. एकदा सांगायच्या आधी. दुसऱ्यांदा गोष्ट लिहून झाल्यावर, ती त्यांना वाचून दाखवून. तेव्हा वेगवेगळं विचारतो: ही फक्त आमच्या गटात वाचली तर चालेल का? बाहेरच्या अहवालात? छापून? फोटोसह? प्रत्येकाला वेगळं हो किंवा नाही. आणि नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं मी मानत नाही. वीस माणसांच्या गटात "दोन जुळी मुलं असलेली, रात्रपाळीची नर्स" एवढं लिहिलं की सगळ्यांना कळतं कोण ते. त्यामुळे वाचून दाखवताना हाच प्रश्न विचारतो, "यातलं काय ऐकून तुमच्या ओळखीचा माणूस तुम्हाला ओळखेल?" ते स्वतःच दोन ओळी काढायला सांगतात.

पाच वेळा गोष्ट घेण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याचा मी विचारच केला नव्हता. आमच्याकडेही तीन टप्प्यांवर तीन माणसं जातात. आता एकच माणूस जाईल आणि आधीची टिपणं वाचून जाईल, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.

कोरीपाटी

मला अडलंय ते वेगळ्या जागी. गोष्टी ऐकून कार्यक्रम बदलत गेलो तर शेवटी मूल्यमापन नक्की कशाचं झालं? सुरुवातीला होता तो कार्यक्रम तर उरलाच नाही. आमच्याकडे वरिष्ठ म्हणतात की पुस्तिकेत आहे तसंच्या तसं करा, नाहीतर निष्कर्ष वाया.

धागेदोरे

वरिष्ठांची काळजी रास्त आहे, पण तिच्यावर उत्तर निघालेलं आहे. पेनी हॉ, ॲलन शील आणि थेरेस रायली यांनी २००४मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं की गुंतागुंतीच्या कार्यक्रमात सगळीकडे सारखं ठेवायचं ते कार्य, रूप नव्हे. उदाहरण द्यायचं तर, लोकांपर्यंत माहिती पोचवणं हे कार्य. सगळीकडे तेच पत्रक वाटणं हे रूप. एका जागी पत्रक चालेल, दुसऱ्या जागी बोलूनच सांगावं लागेल. दोन्हीकडे कार्य झालं तर कार्यक्रम तोच. पत्रक दोन्हीकडे वाटलं आणि एका जागी कुणी वाचलंच नाही, तर कागदावर कार्यक्रम तंतोतंत पाळला गेला आणि प्रत्यक्षात झालाच नाही.

मी एका कार्यक्रमात होतो, म्हाताऱ्या माणसांचं पडणं कमी करण्यासाठीचा. तोल सांभाळायचे व्यायाम रोज ठरलेल्या वेळी करायचे आणि तक्त्यावर खूण करायची. एका आजोबांनी सांगितलं की तक्ता त्यांच्याने होत नाही, पण दात घासताना बेसिनला एक हात धरून ते एका पायावर उभे राहतात, सकाळी एक पाय, रात्री दुसरा. आमच्यातल्या एकाचं म्हणणं पडलं की हे पुस्तिकेबाहेरचं आहे, याला "केलं" म्हणता येणार नाही. दुसऱ्याने विचारलं, या व्यायामाचं काम काय? पायांना बळ आणि तोलाला सराव, रोज, धरायला काहीतरी पक्कं जवळ असताना. आजोबांच्या पद्धतीत हे सगळं होतं, आणि विसरायची सोय नव्हती. आम्ही फिजिओथेरपिस्टला दाखवलं. तिने दोन गोष्टी घातल्या: पायाखाली ओलं नको, आणि हात नळाला न धरता बेसिनच्या काठाला. मग ते सगळ्यांना पर्याय म्हणून सांगितलं.

पण असा प्रत्येक बदल लिहून ठेवावा लागतो. विल्टसी स्टर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदलांची नोंद करण्यासाठी एक चौकट केली आहे, २०१३मध्ये पहिली आणि २०१९मध्ये वाढवलेली. काय बदललं, कधी, कुणी ठरवलं, आधी योजून की ऐनवेळी, कशासाठी, आणि कार्यक्रमाच्या गाभ्याला धक्का लागला की नाही. वरिष्ठांपुढे ही वही ठेवा. मूल्यमापन कशाचं झालं, याचं उत्तर तिच्यात असतं.

आकडेमोड

वहीत आणखी एक रकाना घाला अशी माझी विनंती: कुठल्या गोष्टीवरून हा बदल केला. आणि तारीख न चुकता. तारीख असली की मला बदलाआधीचे आणि नंतरचे आठवडे वेगळे काढता येतात. बदल सगळ्या केंद्रांवर एकदम करायचा नसेल, टप्प्याटप्प्याने होणार असेल, तर कुठलं केंद्र कधी हे चिठ्ठी टाकून ठरवलंत तर फारच उत्तम. मग गोष्टीतून आलेल्या बदलाचीही नीट परीक्षा होते.

पायवाट, मी सुरुवातीला जरा ताठर लिहिलं होतं. माझी शंका गेलेली नाही, पण माझ्या कामात गोष्ट कुठे बसते ते आता दिसतंय.

पायवाट

टप्प्याटप्प्याची कल्पना फार आवडली. आमच्या पुढच्या बैठकीत मांडते.

गोष्टीवरून बदल कधी करायचा नाही, हेही सांगायला हवं. एकदा गटातल्या एका लाडक्या सदस्याने सांगितलं की औषध बंद करून फक्त चालण्याने त्यांचा रक्तदाब ठीक आहे. गोष्ट इतकी रंगवून सांगितली की बाकीचे ऐकत राहिले आणि पुढच्या आठवड्यात आणखी दोघांनी गोळ्या बंद केल्या. तेव्हापासून आमचा नियम आहे. औषध, मात्रा, धोक्याची लक्षणं यांना हात लावणारी गोष्ट आली की ती त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाते, निवडीच्या टेबलावर येत नाही. आणि जे बदल परत फिरवता येतात, खोलीची मांडणी, वेळ, कोण बोलणार, कसं विचारणार, त्यांना एक गोष्ट आणि थोडी पडताळणी पुरते.

कोरीपाटी

आमच्या यादीत सोडून गेलेल्यांची बरीच नावं आहेत. त्यांना फोन करायचं ठरवलंय. पण काय विचारू? "तुम्ही का सोडलं?" विचारलं की जाब विचारल्यासारखं वाटेल.

ओंजळ

"का" हा शब्दच काढून टाक. "का" म्हटलं की माणूस सबब शोधतो. "शेवटच्या वेळी आलात तो दिवस आठवतो का? त्या दिवशी काय काय झालं ते सांगाल?" असं विचार. दिवस धरला की माणूस आपोआप दारापासून सुरुवात करतो. आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाक की परत बोलवायला फोन केलेला नाही. एकदा ते कळलं की आवाज बदलतो. मधे शांतता आली तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नकोस. मनात दहापर्यंत मोज.

संथश्वास

आणि फोन ठेवण्याआधी सांगा की तुम्ही त्यांना परत कधी कळवणार. तारीख सांगा. मग त्या तारखेला खरंच फोन करा, काही बदल झाला नसला तरी.

पायवाट

जे शब्द ते वापरतील तेच लिही. "प्रवासाची अडचण" असं लिहू नकोस. "परत जाताना पुलावर दिवे नव्हते" असं म्हणाले तर तेच लिही. पहिल्यावरून काहीच करता येत नाही, दुसऱ्यावरून बैठक तासभर अलीकडे घेता येते.

कोरीपाटी

काल पहिला फोन केला. एक काका, तीनच बैठकांना आले होते. आमच्या नोंदीत कारण होतं "रस नाही".

ओंजळताईंनी सांगितल्याप्रमाणे शेवटचा दिवस विचारला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मी दहापर्यंत मोजले, मग पुन्हा मोजले. मग म्हणाले की त्या दिवशी गोल करून बसवलं होतं आणि प्रत्येकाला पत्रकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला. त्यांच्यापर्यंत पाळी यायला दोन माणसं उरली होती, तेव्हा ते फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. त्यांना वाचता येत नाही. चष्मा विसरलो म्हणायचं सुचलं नाही, असं म्हणाले.

ती वाचायची पद्धत मीच सुरू केली होती. लोकांचा सहभाग वाढावा म्हणून.

त्यांचेच शब्द लिहून त्यांना वाचून दाखवले. गटात वाचायला हो म्हणाले, बाहेर नको म्हणाले. इथे लिहू का हेही विचारलं, नाव-गाव न घालता चालेल म्हणाले. सोमवारच्या बैठकीत वाचन होणार नाही, पत्रक मी बोलून सांगणार आहे. त्यांना पुढच्या गुरुवारी फोन करते असं सांगितलंय. यादीत अजून एकोणीस नावं आहेत. आज संध्याकाळी दुसरं.